न पाहिलेलं नाटक

पास्कू लोबो बोटीवरून उतरला
तेव्हा ट्रंकेत सात तबकड्या, लुंगीत गुंडाळलेल्या.
न्यूयॉर्कच्या कुठल्याशा नाटकातली गाणी.
नाटक त्यानंही पाहिलं नव्हतं;
तिकिटाच्या पैशांत तबकड्या आल्या.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, मीठगोदामाच्या ओट्यावर
चावी फिरली.
दशावतारात राण्या करणारा बाबल मेस्त्री
डोळे मिटून म्हणाला,
"हिचो घोव काय परत येवचो नाय."
आम्ही मान्य केलं.
तिसऱ्या तबकडीत त्याला मारूनसुद्धा टाकलं.

परवा पास्कूच्या नातवानं अर्थ सांगितला:
बाई नवी टोपी घेतेय. खुशीत आहे.

ऐकून घेतलं.
सुई मात्र अजून त्याच चऱ्यावर अडते
आणि ती
तेवढाच अर्धा शब्द घेऊन
धक्क्यावर उभी.