ना हरकत

फोर्टात, कोर्टाच्या मागच्या बोळात
पेडणेकरांचं टेबल एका पायावर लंगडतं.
त्या पायाखाली घडी घालून सारलेला
कुणाचा तरी रद्द झालेला स्टॅम्प पेपर.
"नाव सांगा, बाई. आधीचं आणि नंतरचं."
मी सांगते. ते एकेक अक्षर ठोकत जातात:
मंजिरी दिनकर राऊळ
आणि मंजिरी सुहास वर्तक
ही दोन्ही एकाच व्यक्तीची नावे असून
सदर व्यक्ती मीच आहे
असे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते.

"वाचून घ्या."
मी दोनदा वाचते.
मीच आहे.

परळच्या लॅबमध्ये अकरा वर्षं रक्त काढलं मी.
तान्ह्या पोरांचं, डायलिसिसवाल्यांचं,
शीर सापडेना झाली की तीन मजले वरून
निरोप यायचा, मंजिरीताईंना पाठवा.
डोळे मिटूनही बोटाखाली कळतं
कुठली निसटणार, कुठली थांबणार.
मस्कतच्या व्हिसावर माझ्याविषयी एकच ओळ:
पतीसोबत राहण्यासाठी. कामास परवानगी नाही.

आठ महिने राहिले तशी.
समोरच्या फ्लॅटमधली केरळची नर्स
पहाटे ड्युटीला निघायची,
मी दाराच्या भोकातून तिचे पांढरे बूट बघायचे.
सुहासला सांगितलं नाही कधी.
सांगण्यासारखं काय होतं त्यात.

आता डिप्लोम्यावर मुंबईचा शिक्का,
त्यावर दिल्लीचा, त्यावर वकिलातीचा,
इतके की माझे मार्क दिसेनासे झाले.
आणि एक पत्र लागतं, नवऱ्याचं.

ते काल मोबाइलवर आलं.
माझ्या पत्नीने नोकरी करण्यास
माझी काहीही हरकत नाही.
खाली सही, तिरकी, घाईतली,
गॅसच्या पुस्तकावर करायचा तशीच.
आणि मागोमाग: "बघ, किती मोठ्या मनाचा आहे मी!"
गंमत केली त्याने. मला कळतं.
मीही एक हसरा चेहरा पाठवून दिला.
मग झेरॉक्सच्या दुकानात पोऱ्याने विचारलं, "किती कॉप्या?"
आणि मला काही केल्या आकडा सुचेना.

आई गाणं शिकवायची गिरगावात,
तीन पोरी, एक पेटी, अर्धा उघडा दरवाजा.
तिच्याकडे हरकत घ्यायची असायची.
सरळ चाललेल्या सुराला मध्येच
मनगटाएवढा हलका हिसका.
"घे ना! कुणाला विचारतेस?"
मला ती कधी नीट जमली नाही.

पेडणेकर, अजून एक कागद करायचाय.
"बोला."
मी, वरील व्यक्ती, लिहून देते की
माझे पती सुहास जनार्दन वर्तक यांनी
चार वर्षांपूर्वी, एका मंगळवारी,
नोकरीनिमित्त परदेशी जाण्यास माझी...
त्यांची बोटं थांबतात. चष्मा कपाळावर जातो.
"हे सादर कुठे करायचं?"
कुठेच नाही.
"तारीख?"
तेव्हाचीच घाला.
"मागची तारीख घालता येत नाही, बाई."
मग आजची.
"बरं. आणि पुढे काय, हरकत आहे, की नाही?"

बोळाच्या तोंडाशी कुणीतरी नोटरीला हाक मारतंय.
एक वकील काळा कोट खांद्यावर टाकून
उभ्या उभ्या इडली खातोय.
तेवढी जागा रिकामी ठेवा, मी म्हणते.
ते टिंबं मारतात. पुष्कळ मारतात,
जणू उत्तर लांबलचक असणार आहे.

"ऐंशी झाले."
शंभरची नोट देते. सुटे मोजताना
त्यांचा हात माझ्यासमोर उताणा पडलेला,
कोपराच्या खोबणीत शीर निळी, सरळ,
पहिल्याच सुईत सापडेल अशी.
ओठांच्या कडा कोरड्या,
टेबलाखाली पाण्याच्या दोन बाटल्या, एक रिकामी.

"पेडणेकर," मी विचारते,
"शुगर शेवटची कधी तपासलीत?"