चौथा पाय

बाई ओसाकाहून आली होती, भाषा सांगायला गोव्याचा एक पोरगा.
वेंगुर्ल्यात माझ्या दुकानात शिरताना
तिने चपला काढल्या आणि भुशात उभी राहिली.
मी म्हटलं, असू देत, इथे कोण काढत नाही.
तिने काढलेल्याच ठेवल्या.

खुर्ची मागे होती, गोणपाटाखाली.
बसल्यावर गरकन फिरणारी, रुंद हातांची,
गोऱ्या डॉक्टरीणबाईची. ती देश सोडून गेली तेव्हा
बाबांना मिळाली, सहा महिन्यांच्या थकलेल्या मजुरीत.
बुडाला शिक्का : मिशिगन, आणि एक आकडा, अर्धा पुसलेला.
बाबा म्हणायचे, हा साग नव्हे, शिवण नव्हे, ऐन तर नव्हेच,
रंधा ह्याच्यावर परमुलखात गेल्यासारखा बिचकतो.

माझं आठवडाभर आधीच ठरलेलं :
पॉलिशपेपर, मग चपड्याचे तीन हात, तोंड दिसेल अशी.
"बाई, हो डाग दोन दिसांत घालवतंय."
पोराने जपानीत सांगितलं
आणि बाईने दोन्ही हात खुर्चीवर आडवे धरले,
नाक्यावर पोलीस गाडी अडवतो तसे.

डाग शाईचा. उजव्या हातावर,
रोज तिथेच कुणीतरी टाक टेकवलेला.
तिकडे ह्याचेच पैसे मिळतात, पोरगा म्हणाला.
दोन खोल्यांत राहणारी तरणी माणसं
अशी एकच वस्तू घेतात, बाकी भिंत मोकळी ठेवतात.
अमेरिकेतली हवी, आणि कुणाच्या तरी कोपराने झिजलेली.
नवं त्यांच्याकडे पुष्कळ आहे.
मला माझ्या घरातल्या सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आठवल्या,
पांढऱ्या, एकात एक बसवलेल्या.
चाळीस वर्षं टेकलो तरी कोपर ओळखायच्या नाहीत.

मग तिने खुर्ची आडवी केली, उकिडवी बसली
आणि नखाने एकेक पाय वाजवत गेली.
चौथ्याशी थांबली. पुन्हा वाजवला.

खोटं बोलता आलं असतं.
घसा खाकरला. म्हटलं, हा फणस.
मागल्या दारचा, वादळात पडलेला.
मूळचा पाय मोडला तेव्हा बाबांनी हा केला,
पिवळेपणा मारायला चहाची पावडर उकळून.
मी आठ वर्षांचा. टोप माझ्या हातात होता, चटका बसला होता.

एवढं सगळं पोराने चार शब्दांत आटपलं.
बाईने कॅल्क्युलेटर काढला. चार हजार कमी केले.
माझ्या डोक्यात तिडीकच गेली.
तिने फोन काढून फोटो घेतले :
शिक्क्याचा एक, डागाचा एक,
फणसाच्या पायाचे नऊ. मी मोजले.

बांधाबांध संपेस्तोवर दिवेलागण झाली.
तीन पाय आले तसे समुद्रावरून गेले.
चौथा जन्मात कुडाळलासुद्धा गेला नव्हता.

तिकडे चिठ्ठीवर नुसतं 'अमेरिकन' लिहितील. लिहू देत.
चपड्याची बाटली सकाळपासून उघडी आहे,
बूच कुठे ठेवलं ते सापडत नाही.