चाळीस ग्रॅम

नदवा सिस्टर दुकानात आली तेव्हा
मी रिकाम्या फळ्या पुसत होतो.
सहा वर्षं झाली,
नाकेबंदी आणि मी, दोघंही रोज वेळेवर दुकान उघडतो.

म्हणाली, हाज शनशूल, तुमची वजनं द्या.
वॉर्डातला काटा मनाला येईल ते सांगतो.
आत एक स्प्रिंग आहे, बोटाएवढी, ती दमलीय.
नवी मागवली तर कागद परत आला :
तिचं म्हणे शस्त्रही होऊ शकतं.

मी हसलो नाही. पूर्वी हसलो असतो.

पाच, दोन, एक, अर्धा.
बापाच्या हातचं पितळ, माझ्या हातात गुळगुळीत झालेलं.
फडक्यात बांधून तिच्यापुढे धरलं
तर म्हणाली, तुम्हीच घ्या,
एवढं ओझं आता मला उचलत नाही.

वॉर्डात काट्याला कापडाची झोळी.
वहीत सहाच्या आकड्यापाशी लाल रेघ.
रेघेखालच्याला दुधाची पावडर,
वरच्याला डाळीचं पाणी आणि अल्लाचं नाव.
नदवानं माझं एक किलो टांगलं,
स्क्रू पिळून सुई बरोबर एकावर आणली,
मग उम्म वजीहचा मुंतदर ठेवला झोळीत.
अकरा महिन्यांचा. रडायचंही त्याला जड जात होतं.
सुई सहाच्या किंचित पुढे थांबली.
उम्म वजीह म्हणाली, अलहमदुलिल्लाह.
आणि पदराआड हसली.

त्या वजनांचे तळ मी खरवडलेत.
लग्नाच्या वर्षी, कानशीनं, दार लावून.
किलोमागे चाळीस ग्रॅम, म्हणजे चार खजूर.
बसऱ्यात तेव्हा खजूर पायाखाली यायचे,
चार कोण मोजतं?
मापात पाप, पण हलकं पाप,
असं मी स्वतःला वीस वर्षं तोलून देत आलो.

"सिस्टर," मी म्हणालो,
आणि वजन उलटं करून तिच्या हातात दिलं.
तिनं तळावरून अंगठा फिरवला.
"किती?"
"चाळीस."
बाकी काही नाही विचारलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
स्क्रू उलटा फिरला,
सुई रेघेखाली उतरली,
आणि उम्म वजीहचं हसू तिच्याबरोबर.
"दूध मिळेल बाई," नदवा म्हणाली. "गुरुवारी. आलं तर."
उम्म वजीह माझ्याकडे बघत राहिली,
जणू तिच्या मुलाचे ते दोनशे-अडीचशे ग्रॅम
मीच आत्ता खिशात घातले.

कुठल्याशा शहरात, लांबलचक टेबलाशी
आमचंही माप कुणी धरलंय म्हणतात.
त्यांच्या वजनाचे तळ कुणी उलटे करून पाहिलेत
मला ठाऊक नाही. मला माझेच ठाऊक आहेत.

रात्री ते भरायला बसलो.
साखर नाही, औषध नाही, शाळेला पेन्सिल नाही,
पण शिसं बसऱ्यात हवं तेवढं.
आमच्या गल्लीत तर
भिंतीतून नखानंही निघतं.