आठशे ग्रॅम

वारजे पुलाखाली माझा अलाइनमेंटचा खड्डा.
वर्तकबाई आल्या त्या दुपारी.
गाडी दोनच माणसांची, जर्मन, अठरा वर्षं वापरलेली,
छत कापडाचं, एका बाजूला शिवण उसवलेली.
पर्समधून त्यांनी एक कापडी पिशवी काढली
आणि माझ्या टेबलावर वीस बोल्ट ओतले.
आवाज झाला, पण लोखंडाचा नाही.
चिंचोके सांडल्यासारखा.

टायटॅनियम.
एकाची किंमत ऐकली तेव्हा तौसीफने
आधी हात पुसले, मग उचलला.

मी म्हटलं, बाई, रागावू नका,
पण हे शंभर नंबरी खूळ आहे.
चाकाचं वजन जाचतं ते काठावर,
टायरमध्ये, रिमच्या ओठाशी.
बोल्ट बसतात आसाच्या कुशीत,
तिथलं हलकेपण इंजिनाला कळतसुद्धा नाही.
एवढ्या पैशात चार उत्तम टायर येतील,
वर छतही शिवून होईल.
शिवाय हा धातू मानी.
सुका आवळला तर आट्यांना चावतो,
मग सुटता सुटत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
म्हणाल्या, वजन करू.

शेजारी सिंधू कुंजीरचा भाजीचा गाडा.
तिच्या काट्यावर आधी जुने वीस,
तेलकट, गंजाची लव धरलेले:
एक किलो आठशे ऐंशी.
मग नवे:
एक किलो ऐंशी.
सिंधू म्हणाली, म्हणजे एक कोबीचा गड्डा.
एवढ्यासाठी?
आणि गवारीवर पाणी शिंपडायला लागली.

गणित मला येतं हो, बाई म्हणाल्या.
एकतीस वर्षं प्रयोगशाळेत
हाच धातू तुटेपर्यंत ताणला.
कुठे तुटतो, किती वेळाने, तुटताना कसा वाजतो,
सगळं वहीत लिहिलं, खाली सही केली,
तुकडे मोजून परत दिले.
किसाचासुद्धा हिशेब असायचा तिथे.
एक वॉशर कधी घरी नेला नाही.
गाडी माझी आहे.
आणि हे वीस माझे.

भिंतीवर माझा तक्ता आहे, कोणत्या गाडीला किती डिग्री,
कोणत्या टायरला किती हवा.
मी उगीचच त्याच्याकडे पाहिलं.

मग हवेची गन खुंटीलाच राहिली.
बाईंनी घड्याळ काढून तौसीफकडे दिलं.
पेस्ट त्यांनीच लावली, बोटाने,
बाळाला काजळ घालावं तितकीच.
पहिले आटे हाताने,
मग एक सोडून एक, चांदणी काढतात तसे.
टॉर्क पाना एकशेतीसवर.
टक्.
सतराव्याला म्हणाल्या, थांबा, हा तिरका गेला.
मला काही जाणवलं नव्हतं.
सोडवून पाहिला. खरंच,
एका आट्यावर खडीचा कण.

पन्नास किलोमीटरनंतर परत तपासायचे, मी म्हटलं.
ते त्यांना सांगायची काही गरज नव्हती.

रविवारी सकाळी बोपदेव घाट चढून,
सासवडला चहा घेऊन परत आल्या.
केस विस्कटलेले, नाक उन्हाने लाल.
पाना लावला. वीसच्या वीस जागेवर.
विचारलं, काही फरक?
शून्य, म्हणाल्या.
खड्ड्यात तशीच आदळते.
छत्रीसारखं छत दुमडून बसल्या,
किल्ली फिरवली, आणि मग म्हणाल्या,
वळणावर मात्र ते आठवत होते.

जुने बोल्ट त्यांनी नेलेच नाहीत.
पंख्याखाली बिलं उडतात, त्यांवर ठेवतो मी.
पोरं येतात, गाडी खाली बसवलेली,
मोबाइलमध्ये फोटो घेऊन,
हे हलके बोल्ट घ्यावेत का काका, फायदा आहे?
नाही, म्हणतो. टायर घ्या.
आणि मग, पाना पुसता पुसता,
विचारून ठेवतो,
तुम्ही काम काय करता?