मधला चेंडू

दोघांच्या बरोब्बर मधून जाणारा चेंडू कुणाचा,
हे ठरवायला आम्हाला तीन वर्षं लागली.
पुढची आठ वर्षं त्यावर बोलायची वेळ आली नाही.

इलांगो कोइमतूरचा, मी तुर्भ्याचा.
‘तुझा’ एवढाच मराठी शब्द त्याला यायचा,
तोही तो ‘तुज्जा’ असा ओरडायचा.
ताश्कंदच्या पंचाला वाटलं, आम्ही भांडतोय.

बाप माथाडी, कांदा-बटाटा मार्केटात.
मी शाळा सुटली की नेरूळच्या क्लबात चेंडू गोळा करायचो,
तासाला बारा रुपये, आणि पुढं कुणाची तरी चिरलेली रॅकेट.
एकेरीला पैसा लागतो, कोच लागतो, फिजिओ लागतो,
असं मी मुलाखतीत सांगितलं असतं.
मुलाखत कुणी घेतली नाही.
खरं एवढंच, की बेसलाइनवर एकटा उभा राहिलो
की समोरचं कोर्ट रिकाम्या वखारीसारखं वाटायचं.

सर्वोत्तम क्रमांक एकशे अकरा.
एक आठवडा टिकला. पुढच्या सोमवारी एकशे सतरा.

आमचं कोर्ट नेहमी शेवटचं,
स्वयंपाकघरामागचं, तळणीच्या वासातलं.
बघायला पुढच्या मॅचचे दोघं, तेही बुटांच्या नाड्या बांधत.
बक्षिसाचे दोन भाग, खोली मात्र एकच.
तारांचा खर्च वजा जाता
कधी परतीचं तिकीट निघायचं, कधी नाही.

नेटपाशी उभा असलेला मागं वळून बघत नाही.
हात फक्त पाठीमागं न्यायचा :
मूठ म्हणजे थांबतो, पंजा म्हणजे निघालो.
मग सर्व्हिस कानाजवळून सूं करत जायची.
अकरा वर्षं माझी मान
मी त्या माणसाच्या भरवशावर उघडी ठेवली.
लागली एकदाच, ब्रातिस्लाव्हात, कानामागं.
त्या रात्री दोनदा दिवा लावून त्यानं बघितलं
मी श्वास घेतोय का.

गुडघा गेला, तेव्हा फोन त्यानंच केला.
उरुग्वेचा एक पोरगा आहे म्हणाला, डावखुरा.
नावं शुक्रवारपर्यंत द्यायचीत.
मग गप्प.
मी म्हणालो, ‘तुझा.’

बाबांना सांगितलं, ते भाकरी मोडत होते.
एकवीस वर्षं गोणीच्या दुसऱ्या टोकाला
ज्योतिरामकाकांचा आकडा असायचा.
काकांच्या मणक्यात गॅप पडला, ते पाटणला गेले कायमचे.
‘मग तुम्ही काय केलं?’
‘दुसऱ्या दिवशी ट्रक आला होता,’ बाबा म्हणाले,
आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाले.

रात्री दोनला मी मोबाइलवर स्कोअर बघतो.
चित्र नसतं. सहा-चार, तीन-सहा,
सुपर टायब्रेकमध्ये आठ-आठ.
आत्ता एखादा मधून गेला असेल.
कुणी सोडला, कुणी घेतला,
ते त्यात येत नाही.

सकाळी साडेसहाला नेरूळचं तेच कोर्ट,
खाडीकडून चिखलाचा वास.
मी दुहेरी शिकवतो; आईबापांना एकेरी हवी असते.
काल इरावती सर्व्हिसला उभी राहिली, वय वर्षं नऊ,
मी तिच्या पुढं, नेटपाशी.
बराच वेळ चेंडू येईना.
मग मागून आवाज :
‘सर, पाच म्हणजे काय?
पाच मारू?’