पान चौऱ्याण्णव

माझ्या मराठी पुस्तकात ते जेवण चौऱ्याण्णव पानावर,
मंजुळाच्या कन्नडात एक्क्याऐंशीवर.
नायिका अकरा माणसांचं रांधते
आणि पुढच्याच ओळीत सकाळ होते.

अनुवादकानं लिहिलंय, कसलीशी पालेभाजी.
मी मेथी निवडत बसलेली, तेवढ्यात मंजुळाचा फोन :
कसलीशी काय की! पुंडी पल्ल्या हाय ती.
अंबाडी. आंबट.

मेथी परत फ्रिजात.
शहापुरात तीन गाड्या पालथ्या घातल्या,
चौथीवर दोन जुड्या, जरा जून.
तूरडाळ, जोंधळ्याच्या कण्या, लसूण करपू न देता.
भाकऱ्या मात्र वडगावच्या शिवव्वाच्या,
माझ्या अजून फाटतात.

फिलोमिनानं चोर्ला घाट चढून आणलेला उर्राक
पाण्याच्या बाटलीत, निरागस दिसणारा.
त्यात कोकमाचं आगळ, सोडा,
उभी चिरलेली मिरची, ग्लासाच्या काठाला मीठ.
भाकरीबरोबर हे? नवऱ्यानं विचारलं
आणि मॅच बघायला आत गेला.

मग चर्चा. शेवट पटला का. सासू खरी वाटते का.
दुसऱ्या ग्लासानंतर मंजुळा भाकरी मोडता मोडता थांबली :
पण ती जेवली कधी?
आम्ही पानं उलटू लागलो,
दोन्ही लिप्यांत, डाळीच्या बोटांनी.
एक्क्याऐंशी, ब्याऐंशी. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव.
सकाळ. दोन्हीकडं सकाळच.

तेवढ्यात शिवव्वा, भाकरीच्या पैशाला आलेली,
चप्पल न काढता दारातूनच मला :
ऊटा आतेनव्वा?

माझ्या हातात पळी.
चौघींनी पुस्तकातून मान वर केली.