हातचा एक

भिशीचा नंबर लागला मार्चात
आणि परशरामनं उद्यमबागेतून येता येता
दोनशे पानी वही आणली, कोरी.
पहिल्या पानावर मी लिहिलं, परदेश.
खाली बारीक अक्षरात, चौघांचा.

फॉल-बिडिंगच्या साड्या बाजूला सारून
रात्री साडेदहाला आम्ही देश निवडायला बसलो,
मंडईत भेंडी निवडावी तसे,
शेंडा मोडून बघत.

दुबई पहिल्याच ओळीत खोडली.
बाली छान, खरं दोन विमानं बदलायची,
आणि चिन्नू संकेश्वर येईस्तोवर
बसमध्ये दोनदा ओकतो.
व्हिएतनामच्या जेवणाचा आकडा बघून परशराम म्हणाला,
"एवढ्यात खडेबाजारात पण भागत न्हाई की."
मग तिकिटाचा आकडा बघितला
आणि गप्प बसला.
नेपाळला पासपोर्टच लागत नाही म्हटल्यावर
भक्ती रुसली.
"मग शिक्का कुठं मारणार?"
नऊ वर्षांच्या पोरीला देश नको होता,
शिक्का हवा होता.

उरली श्रीलंका.
बंगळूरपर्यंत रात्रीची रेल्वे,
पुढं विमान, चिन्नूची एक झोप होईल एवढंच.
भात मिळतो. नारळ मिळतो.
हत्ती म्हणे रस्त्याकडेलाच दिसतात,
त्याचे पैसे नाहीत.

हेड पोस्टात फॉर्म भरताना
जन्मस्थळाच्या चौकटीत पेन अडलं.
माझ्या दाखल्यावर बेळगाव,
भक्तीच्या दाखल्यावर बेळगावी,
आणि दोघी जन्मलो एकाच दवाखान्यात,
एकच जिना चढून.
खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली,
कागदावर आहे तसं लिहा.
लिहिलं.
मायलेकी दोन गावच्या झालो.

आठ दिवसांनी चौकशीला पोलीस आले वडगावात,
बसगौडा नावाचे.
परशराम उगाच शर्ट बदलून बसला.
बोलली भक्तीच, शाळेतल्या कन्नडात, खाडखाड.
यल्लिगे? श्रीलंकेला.
यारु यारु? चौघं.
मग किती लागतात, हे मात्र त्यांनी
मला मराठीत विचारलं, आवाज उतरवून.
त्यांच्या घरीही दोन आहेत, जुळे, हुक्केरीला.
मी वही दिली.
टोपी गुडघ्यावर ठेवून, चहा निवू देत
ते आमची बेरीज उतरवून घेत राहिले
सरकारी कागदाच्या पाठीवर.
हॉटेल, वरखर्च, चिन्नूच्या ओकारीच्या गोळ्या, सगळं.
आणि मध्येच थांबले.
"बाई, इथं हातचा एक राहिलाय बघा."

राहिला होता.
दहा हजारांचा.

ते गेल्यावर कुणीच काही बोललं नाही.
दहा हजार म्हणजे दोनशे साड्या.
परशराम म्हणाला, "ओव्हरटाइम मागतो."
मी म्हटलं, "मी करतो की, त्यात काय."
चिन्नू वहीच्या मागच्या पानावर
हत्ती काढत होता, सहा पायांचा.

रात्री सुई ओवताना भक्ती फोन घेऊन जवळ आली.
कँडीच्या बाजारातली कुठलीशी पाटी,
गोल गोल अक्षरं.
तिला वाटलं कन्नडच असेल.
लावून बघितलं, लागेना.
बापाला दाखवली. त्यालाही लागेना.
"आई, ही आपल्या घरात कुणालाच वाचता येत नाही!"
काय खूश झाली होती,
परीक्षेत पहिली आल्यासारखी.

मी तिच्याएवढी असताना
आमच्या बोळातली पाटी एका रात्रीत काळी झालेली
दोनदा बघितली आहे.
एकदा एका भाषेतली, एकदा दुसऱ्या.
ते तिला सांगायचं होतं, राहिलं.
चपलांची असेल पाटी, पावाची असेल.
"मोठी करून दाखव," म्हटलं,
आणि दोघी कितीतरी वेळ
न वाचता बघत बसलो.

मग पुढची साडी ओढली.
एकशे नव्व्याण्णव.